खिशात छापखाना आला, संपादक कुठे आहे?

१९२० सालची गोष्ट आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 'मूकनायक' हे पाक्षिक काढत होते. त्याची जाहिरात 'केसरी'कडे पाठविण्यात आली. फुकट छापा, असे कोणी म्हटले नव्हते. रोख पैसे देऊ केले होते. तरीही 'केसरी'ने ती जाहिरात छापली नाही. लोकमान्य टिळक तेव्हा हयात होते. अवघ्या देशासाठी स्वराज्य मागणाऱ्या पत्राला अस्पृश्यांच्या पाक्षिकाची जाहिरात पैसे घेऊनही नको होती. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तो छत्रपती शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर.

आज शंभरहून अधिक वर्षांनी तालुक्याच्या बस स्टँडवर उभा असलेला आपला एखादा तरुण खिशातून मोबाइल काढतो, घडलेली घटना टिपतो आणि गाडी येण्याच्या आत ती हजारो लोकांपर्यंत पोहोचवतो. त्याला 'केसरी'ची परवानगी लागत नाही. कागद, शाई, टाईप, वितरक, एजंट यातले काहीही लागत नाही. ज्या समाजाला बोलण्यासाठी तोंड नव्हते, त्याच्या खिशात छापखाना आला आहे. ही क्रांती आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. परंतु छापखाना आला म्हणजे वृत्तपत्र झाले काय? हा प्रश्न आज समाजाने स्वतःला विचारण्याची वेळ आली आहे.

आधी हा छापखाना आपल्याला इतका का हवा होता, ते पाहू. १९९६ साली बी. एन. उनियाल या पत्रकाराने दिल्लीत दलित पत्रकाराचा शोध घेतला. राजधानीतल्या मान्यताप्राप्त पत्रकारांची यादी चाळूनही त्यांना एकही सापडला नाही. दहा वर्षांनी, २००६ साली, दिल्लीतल्या हिंदी-इंग्रजी वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांत निर्णय घेणाऱ्या ३१५ वरिष्ठांची पाहणी झाली. त्यात अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा एकही माणूस नव्हता. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी पुन्हा पाहणी केली. माध्यमांतील १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय बसलेले होते. अनुसूचित जाती-जमातींचा आकडा पुन्हा शून्य. तेवीस वर्षांत सरकारे बदलली, वाहिन्या वाढल्या, वृत्तपत्रे रंगीत झाली. शून्य मात्र शून्यच राहिला.

ही नुसती नोकऱ्यांची तक्रार नाही. संपादकाच्या खुर्चीत कोण बसतो, यावर कोणते दुःख पहिल्या पानावर जाईल आणि कोणते आतल्या पानाच्या कोपऱ्यात मरेल, हे ठरते. ६ डिसेंबरला लाखो माणसे पदरमोड करून चैत्यभूमीवर येतात, शिस्तीने रांगेत उभी राहतात, परत जाताना पुस्तकांची गाठोडी घेऊन जातात. मोठ्या वृत्तपत्रांना वर्षानुवर्षे त्यात काय दिसले? वाहतुकीची कोंडी, रेल्वेतली गर्दी आणि शिवाजी पार्कवरचा कचरा!

या पक्षपाताचा सर्वांत भयंकर पुरावा खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात भोतमांगे कुटुंबातील चार जणांची, आई, मुलगी आणि दोन मुलांची, गावाने निर्घृण हत्या केली. एकटे भैयालाल भोतमांगे वाचले. देशाच्या माध्यमांनी या घटनेची खरी दखल घ्यायला जवळजवळ महिना लावला. सुरुवातीच्या बातम्यांत तर ठार झालेल्या स्त्रीच्या चारित्र्यावरच चिखल उडवला गेला. मग नोव्हेंबरमध्ये विदर्भात माणसे रस्त्यावर उतरली. पुढे कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर ३० नोव्हेंबरला उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळाले. ती बातमी देशभर पोहोचायला किती वेळ लागला? काही तास! जळणाऱ्या डब्यांना जी तत्परता मिळाली, ती चार माणसांच्या प्रेतांना मिळाली नव्हती.

त्या महिन्याभरात सत्य जिवंत कोणी ठेवले? गावात जाऊन आलेल्या कार्यकर्त्यांनी, सत्यशोधन समित्यांनी, चळवळीच्या छोट्या दैनिकांनी आणि इंटरनेट हाताळू लागलेल्या आपल्या तरुणांनी. तेव्हा स्मार्टफोन नव्हते. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मुले बसत. अहवाल टाइप करून ईमेलने पाठवत, ब्लॉगवर टाकत, एसएमएस करत. परदेशात शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या आंबेडकरी मंडळींनी ते वाचले आणि पुढे नेले. खैरलांजी हे नाव दाबता आले नाही, यात या अनामिक तरुणांचा मोठा वाटा आहे. त्यांची नावे कोणत्याही पुरस्काराच्या यादीत नाहीत.

दहा वर्षांनी चित्र पालटले. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाने आत्महत्या केली. वसतिगृहातून काढलेले पाच विद्यार्थी थंडीत उघड्यावर झोपत होते, तेव्हा राष्ट्रीय वाहिन्यांना त्यांचे सोयरसुतक नव्हते. परंतु रोहितचे अखेरचे पत्र मोबाइलवरून घराघरांत गेले आणि वाहिन्यांना मागून धावत यावे लागले. त्याच वर्षी ११ जुलैला गुजरातमधील उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या तरुणांना गाडीला बांधून मारले गेले. मारणाऱ्यांनीच त्याचे चित्रण करून पसरवले. दहशत बसावी हा त्यांचा हेतू होता. पण झाले उलटे. तेच चित्रण पाहून समाज पेटला, मेलेली जनावरे सरकारी कचेरीपुढे नेऊन टाकली गेली आणि अहमदाबाद ते उना असा मोर्चा निघाला.

२० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याची धार बोथट करणारा निकाल दिला. मूळ प्रकरण महाराष्ट्रातलेच होते. २ एप्रिलला भारत बंद झाला. त्यामागे कोणा एका मोठ्या पक्षाची यंत्रणा नव्हती. हाक मोबाइलवरून फिरली होती. मोठ्या वृत्तपत्रांना आणि वाहिन्यांना त्याचा अंदाजही आला नाही, कारण ज्या वस्त्यांत ही हाक फिरत होती तेथे त्यांचा वार्ताहर कधी जातच नाही. त्या दिवशी आपल्या अनेक तरुणांचे बळी गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. नव्या माध्यमाचे सामर्थ्य याहून मोठे काय सांगावे?

हे सामर्थ्य मान्य करूनच आम्हाला दुसरी बाजू मांडायची आहे. कारण चळवळीने स्वतःची आरती ओवाळण्यात काही अर्थ नसतो.

१ जुलै २०१८ हा दिवस आठवा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराचा दिवस होता. सोलापूर जिल्ह्यातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा व्हॉट्सअॅपवरून आधीच पसरली होती. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. इंग्रजांनी ज्या भटक्यांकडे गुन्हेगार म्हणून पाहिले, त्यांच्याकडे मोबाइलनेही त्याच नजरेने पाहिले. यंत्र नवे होते, मन मात्र जुनेच होते. ज्या साधनाने रोहितचे पत्र पोहोचवले, त्याच साधनाने राईनपाड्याची अफवाही पोहोचवली. साधनाला जात नसते, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, ते वापरणाऱ्या समाजाला जात असते.

आणि आपण तरी या रोगापासून मुक्त आहोत काय? बाबासाहेबांचे छायाचित्र आणि खाली त्यांनी कधीही न लिहिलेले, न बोललेले वाक्य, असे किती संदेश आपण रोज पुढे ढकलतो? महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड प्रसिद्ध केले. ते आज इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहेत. पूर्वी ज्या खंडासाठी दुकानांतून चकरा माराव्या लागत, तो आता मोबाइलवर उघडतो. असे असताना खात्री न करता खोटे वाक्य बाबासाहेबांच्या नावावर खपवणे हा त्यांचा अपमान आहे. विरोधकाला त्यातून आयते हत्यार मिळते. एक खोटे सापडले की तो आपली दहा खरी बाजूला सारतो.

बाबासाहेब 'बहिष्कृत भारत'चे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहून काढत. हाताशी माणसे नव्हती, पैसा नव्हता. तरी त्यांनी तपासल्याशिवाय मजकूर सोडला नाही. पुढे १९४३ साली पुण्यात रानडे यांच्यावरील व्याख्यानात त्यांनी सांगितले की, भारतातील पत्रकारिता एकेकाळी पेशा होती, आता ती धंदा झाली आहे आणि नायकपूजा हे तिचे काम होऊन बसले आहे. हे शब्द आजच्या वाहिन्यांना लागू आहेतच. पण आपल्या समाजातल्या नेत्यांच्या फोटोंना रात्रंदिवस लाईक ठोकणाऱ्या गटांनाही ते लागू नाहीत काय?

तिसरा प्रश्न मालकीचा आहे. बाबासाहेबांनी नुसते पत्र काढले नाही, स्वतःचा छापखाना उभारला. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला विचार फार दिवस छापला जात नाही, हे ते जाणून होते. दादरच्या आंबेडकर भवनातील बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस हा त्याच दूरदृष्टीचा वारसा होता. २५ जून २०१६ च्या पहाटे ती वास्तू पाडण्यात आली आणि १९ जुलैला मुंबईत विराट मोर्चा निघाला. आपल्या छापखान्याच्या भिंती पडल्याचे दुःख समाजाला कळले, हे चांगलेच झाले. परंतु आज आपण रोज जिथे लिहितो, त्या जागेच्या भिंती कोणाच्या आहेत, याचा विचार आपण करतो का?

दोन हजारच्या दशकात आंबेडकरी तरुणांचे याहू ग्रुप्स होते, ऑर्कुटवर समूह होते. तेथे खैरलांजीवर, धर्मांतरावर, आरक्षणावर घनघोर चर्चा झाल्या. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले. याहू ग्रुप्सही २०२० मध्ये कायमचे बंद झाले. एका पिढीने केलेली चर्चा कंपनीच्या एका सूचनेसरशी पुसली गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर बहुजन लेखकांची खाती रोखली जातात, त्यांना निळी खूण दिली जात नाही, म्हणून मोठे आंदोलन झाले. कंपनीला उत्तर द्यावे लागले. पुढे त्या कंपनीचा मालक बदलला, नाव बदलले आणि निळी खूण पैसे मोजून मिळू लागली. म्हणजे आंदोलन करून मिळवलेला मानही मालकाच्या मर्जीवर! 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांचे अंक १९९० साली शासनाला पुस्तकरूपाने काढता आले, कारण ते कागदावर छापलेले होते आणि कोणीतरी ते जिवापाड जपले होते. आजचे आपले लिखाण सत्तर वर्षांनी कोण कोठून काढणार आहे?

चौथी गोष्ट पुराव्याची. ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. खैरलांजीच्या खटल्यात २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप झाली. पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली आणि जातीचा मुद्दा तेथेही टिकला नाही. जो अत्याचार साऱ्या समाजाला जातीचा दिसत होता, तो न्यायालयात जातीचा म्हणून सिद्ध झाला नाही. भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी गेले, ते हे शल्य उरात घेऊनच. रस्त्यावरचा आक्रोश आणि न्यायालयातला पुरावा यांत जे अंतर असते, ते यातून शिकायचे आहे.

आज प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आहे. पण घटनेचे चित्रण व्हॉट्सअॅपवर टाकले की आपले काम झाले, असे आपण समजतो. व्हॉट्सअॅपवरून सर्वसाधारणपणे पाठवलेल्या चित्रणाची मूळ फाइल तशीच राहत नाही, ती आकसते, तिचा दर्जा घसरतो. जालन्याच्या निवडणूक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले की, इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत दाखल करायची तर कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने न्यायालयात हजर केले तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात फाइलची 'हॅश व्हॅल्यू' द्यावी लागते. हा त्या फाइलचा अंगठ्याचा ठसाच समजा. फाइलमध्ये एवढासा बदल झाला तरी ठसा बदलतो. म्हणून ज्याने चित्रण केले त्याने मूळ फाइल पुसू नये, कापू नये, त्यावर गाणे चढवू नये. ज्या मोबाइलवर चित्रण केले तो जपावा. तारीख, वेळ, ठिकाण आणि हजर साक्षीदारांची नावे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावीत आणि वकिलाला भेटावे. चळवळीचे एक गाणे चढवल्याने चित्रणाला हजार लाईक जास्त मिळतील, पण खटल्यात तेच गाणे आरोपीच्या वकिलाच्या कामी येईल.

पीडितेची ओळख उघड करणे हाही गुन्हा आहे. लैंगिक अत्याचारातील पीडितेचे नाव किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने मनाई आहे. खैरलांजीच्या वेळी मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरली. त्यांनी समाज जागा झाला, हे आम्ही नाकारत नाही. परंतु आपल्याच लेकीबाळींच्या विटंबनेचे चित्र दाखवल्याशिवाय समाज जागा होत नसेल, तर दोष चित्राच्या अभावाचा नाही, आपल्या झोपेचा आहे. जातिवाचक शिवीगाळ इंटरनेटवर केली म्हणून ती खासगी ठरत नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. तेव्हा शिवीला शिवीने उत्तर देत बसण्यापेक्षा तिची नोंद ठेवून पोलीस ठाण्यात जाणे अधिक शहाणपणाचे.

मग करायचे काय? मार्ग दाखवणारी माणसे आपल्यातच आहेत. उत्तर प्रदेशातील चित्रकूट येथे २००२ साली 'खबर लहरिया' सुरू झाले. खेड्यातल्या, त्यातही दलित समाजातल्या स्त्रिया वार्ताहर झाल्या. बुंदेली बोलीत छापील पत्र निघाले आणि पुढे त्याच स्त्रिया मोबाइल घेऊन बातम्यांची चित्रणे करू लागल्या. पण त्यांच्याकडे नुसता मोबाइल नव्हता. प्रशिक्षण होते, बातमी तपासण्याची रीत होती, संपादन करणारी माणसे होती. मीना कोटवाल यांनी ३१ जानेवारी २०२१ रोजी 'द मूकनायक' सुरू केले, त्यासाठी तारीख निवडली ती बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ची. 'राउंड टेबल इंडिया', 'दलित कॅमेरा' यांनीही आपल्या समाजाचे म्हणणे आपल्याच शब्दांत नोंदवून ठेवण्याचे काम केले. हे सारे लोकांच्या हजार-पाचशे रुपयांच्या मदतीची वाट पाहतात आणि आपण मात्र फुकटच्या फॉरवर्डवर समाधान मानतो.

खेड्यातल्या बाईचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले की, देशातल्या ३३ टक्के स्त्रियांनीच कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हे प्रमाण ५७ टक्के होते. पाणवठ्यावर, शेतात, रेशनच्या रांगेत जातीचा पहिला फटका जिला बसतो, तिच्याच हातात मोबाइल सर्वांत शेवटी येतो. घरातल्या मुलाला महागडा मोबाइल घेऊन देणाऱ्या बापाने मुलीचा आणि बायकोचाही विचार करावा. नाहीतर नव्या माध्यमातही आपल्या निम्म्या समाजाचे तोंड बंदच राहील.

प्रत्येक तालुक्यात चार-पाच तरुण-तरुणींनी मिळून एक छोटे संपादक मंडळ करावे. बातमी आली की दोघांनी खात्री करावी, मगच ती पुढे जावी. मूळ चित्रणे, तक्रारींच्या प्रती, एफआयआर, निकाल यांचा संग्रह विहारातल्या एखाद्या संगणकात आणि त्याची दुसरी प्रत बाहेर ठेवावी. महत्त्वाचा मजकूर कागदावर छापून ग्रंथालयाला द्यावा. चळवळीचे दैनिक विकत घ्यावे, चळवळीच्या संकेतस्थळाला वर्गणी द्यावी. यात अशक्य असे काहीही नाही. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढा पैसा जातो, तेवढ्यात हे काम वर्षभर चालेल.

बाबासाहेबांना छापखाना मिळवण्यासाठी आयुष्य वेचावे लागले. संपादक मात्र त्यांच्या आत आधीपासूनच होता. आपल्याला छापखाना आयता मिळाला आहे. आता संपादक आपल्याला घडवायचा आहे. पुढच्या वेळी बोट 'फॉरवर्ड'वर जाईल, तेव्हा क्षणभर थांबून स्वतःला विचारावे, हे 'बहिष्कृत भारत'च्या रकान्यात छापले गेले असते काय? उत्तर 'नाही' असेल, तर बोट मागे घ्यावे. उत्तर 'होय' असेल, तर नुसते पुढे पाठवून थांबू नये, ते जपूनही ठेवावे. जय भीम!